भांदक स्टेशनवर उतरून

चंद्रपूर जिल्ह्यात महिनाभर राहून आलो असे म्हटले, की पुण्यात प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो : "वाघ पाहिला का?"

नाही पाहिला. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. पण या जिल्ह्यात वाघाखेरीज माणसेही राहतात, हे आपल्याला कोणी सांगितलेलेच नाही. मी राहिलो भद्रावतीला. नागपूरहून बल्लारशाकडे जाताना वरोरा मागे पडले, की गाडी येथे थांबते. गावाचे नाव भद्रावती, स्टेशनचे मात्र अजून भांदकच!

हिशेब तपासण्याचे माझे काम आता संगणकावर कोठूनही होते. तेव्हा डिसेंबरात एक माडीवरची खोली घेतली. सकाळी दहा ते सहा पुण्याची चाकरी आणि उरलेला वेळ भद्रावतीचा, असा बेत.

भद्रावती एका दिवसात उरकता येते. केसरिया पार्श्वनाथाचे जैन मंदिर, भद्रनागाचे देऊळ, विजासनची लेणी, की गाडीला मोकळे! पहिल्या रविवारी मीही तसेच केले. भर उन्हातून लेण्यात शिरलो आणि काळोख पाहून परतलो. तिसऱ्या खेपेस पाच मिनिटे डोळे मिटून उभा राहिलो, तेव्हा कोठे डोंगराच्या पोटात सरळ गेलेल्या बोळाच्या टोकाशी बसलेला बुद्ध दिसू लागला. दोन्ही अंगांना आणखी दोन बोळ, त्यांच्या टोकांशीही बुद्धच. १८७३-७४ च्या दौऱ्यात कनिंगहॅमसाहेब येथे येऊन गेला. त्याने बरोबर कंदील आणला असावा.

संध्याकाळी डोलारा तलावावर जायचे. तेथे दगडी खांबांवर उभा असलेला जुना पूल आहे. त्या खांबांवरची ओलीची रेघ महिनाभरात चांगली वीतभर खाली आलेली मी पाहिली. एवढे निवांत काही पाहिल्याला मला किती वर्षे झाली होती, कोण जाणे!

घरच्या काकूंनी एकदा बाजारातून 'सांबार' आणायला सांगितले. मी डबा घेऊन हॉटेलात गेलो. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळ्या आळीने हसून झाल्यावर कळले.

एका रात्री मी काम करीत बसलो असता काकाजी दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहून म्हणाले, "भाऊ, इथूनच हे काम होते, तं आमचा पोरगा पुण्याले काहून गेला?"

मला उत्तर सुचेना. ती खोली त्यांच्या मुलाचीच होती. तो हिंजवडीत याच जातीचे काम करतो आणि माझ्या घरापासून दोन मैलांवर राहतो. मला ही मुभा वीस वर्षांच्या नोकरीने मिळालेली. नव्या पोराला ती कोण देणार? काकाजींनी मान डोलावली, पण त्यांना पटलेले दिसले नाही. मलाही पुरते पटलेले नव्हते.

निघताना काकूंनी जवसाच्या चटणीची बरणी दिली. ती घेऊन मी हिंजवडीला गेलो. मुलाने चहा केला, घरच्यांची चौकशी केली. मग जरा घुटमळून विचारले, "डोलाऱ्याचं पाणी कुठवर आहे यंदा?"

मी हात पसरून वीत दाखवली. कोणत्या खांबाला, तेही सांगितले.