हुद्दा काय लिहू?

गेल्या महिन्यात खामगावहून दादाचा फोन आला. "तुले लिहिता येते ना? मंग माह्या बायोडाटा करून दे."

मला वाटलं, चला, कुठे तरी अप्लाय करतोय! तर म्हणे, "नोकरीसाठी नाही व, स्थळासाठी."

नाव, जन्मवेळ, शिक्षण बी.पी.एड., उंची सहा फूट (हा रकाना फटाफट भरला!). 'नोकरी'पाशी मात्र आम्ही दोघंही अडलो.

दादा म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचा... काय बरं? कोच नाही. कोच म्हणजे सर, कॉलेजचे शारीरिक शिक्षण संचालक. विद्यापीठाच्या फॉर्मवर सही त्यांची, टीमच्या फोटोत मधली खुर्चीही त्यांची. त्यात गैर काहीच नाही. कबड्डीपासून क्रिकेटपर्यंत सगळ्या टीम्स त्यांच्या एकट्याच्या गळ्यात! दादा म्हणजे पहाटे साडेपाचला सिमेंटच्या कोर्टवर झाडू मारणारा, डाव्या हाताने शंभर ले-अप करून घेणारा. अमरावतीला स्पर्धेत समोरच्या टीमची मॅच आधी बघून 'त्यांची सात नंबर उजवीकडेच वळते' हे हेरून आणणाराही तोच. दुपारी काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात. कॉलेजचं मानधन सांगण्यासारखं नाही, आणि तेही सत्र सुरू असेल तेवढंच.

आपल्या ऑफिसात 'असिस्टंट मॅनेजर'मधला असिस्टंट कधी गळतो, याची वाट बघत आपण अप्रेझलमागून अप्रेझल काढतो. दादाकडे गळायला 'असिस्टंट'सुद्धा नाही!

अमेरिकेत याच कामाची रीतसर शिडी आहे. स्टुडंट मॅनेजर, ग्रॅज्युएट असिस्टंट, असिस्टंट कोच आणि नशिबात असेल तर हेड कोच. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात बिल गुथ्रिज १९६७ पासून तब्बल ३० वर्षं डीन स्मिथ यांचे असिस्टंट होते. १९९७ मध्ये स्मिथ निवृत्त झाले, तेव्हा कुठे साठीच्या गुथ्रिजना ती खुर्ची मिळाली. त्यांनी तीन सीझनमध्ये दोनदा टीम फायनल फोरला नेली. पण त्याआधीची ३० वर्षंसुद्धा त्यांच्या नावापुढे हुद्दा होता.

आपल्याकडे कॉलेजात संचालक व्हायचं तर एम.पी.एड. आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. हवी. कोच म्हणून वजन हवं तर १९६१ मध्ये सुरू झालेल्या पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा. तो करायचा तर दुकान, घर सोडून जायचं. आणि परत येऊन काय? कॉलेजात खेळासाठी पद असतं ते बहुधा एकच. शिडीची मधली पायरीच नाही, तर पाय ठेवणार कुठे?

खरं सांगू? हा रकाना मी एकदा स्वतःच रिकामा सोडलाय. थर्ड इयरला आम्ही विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकलो आणि स्थानिक पेपरात माझी पहिलीवहिली बातमी छापून आली. सरांचं नाव होतं, आम्हा बारा जणींची होती, अगदी प्राचार्यांचंही होतं. दादाचं नव्हतं. मुद्दाम नाही हो! हुद्दाच नाही, तर वाक्यात बसवायचं कुठे, हे मला सुचलंच नाही.

त्या दिवाळीत त्याच्या घरी गेले, तर भिंतीवर तेच कात्रण, लॅमिनेट केलेलं! "तुही पहिली बातमी ना," एवढंच म्हणाला. आपलं नाव नाही, हा विषय त्याने काढला नाही. मीही नाही. सात वर्षं झाली त्याला.

या वेळी मी लिहिलं : 'सहायक बास्केटबॉल प्रशिक्षक, ११ वर्षे.' खाली टीमने जिंकलेल्या स्पर्धांची यादी, सालासकट. मग फोन केला. "दादा, 'सहायक' काढू का? कोण तपासणार आहे?"

"राहू दे. सर हायेत ना."

"आणि पगार?"

पलीकडे शांतता. मग म्हणाला, "जेवढा हाये तेवढाच लिही. अन् सकाळी साडेपाचले प्रॅक्टिस असते, हेही लिही. मांगून भांडण नको."

लिहिलंय. ठळक अक्षरात.