अर्जात न मावलेली विहीर

मला लिहिता येत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. त्या काळात मी भरपूर लिहीत होते. रविवारच्या पुरवणीतलं सदर, पुस्तकांची परीक्षणं, कुणाच्या तरी एकसष्टीच्या गौरवग्रंथातला लेख. मागाल ते आणि मागाल तेवढ्या शब्दांत. अडली होती ती कथा. दोन संग्रह निघाल्यावर तिसऱ्यासाठी बसले की दुसऱ्या परिच्छेदातच ‘संयत’, ‘तरल’, ‘सूचक’ असं काहीबाही ऐकू यायचं. आधीच्या पुस्तकांवरची परीक्षणंच वाक्यांत येऊन बसली होती. वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याला कुठली दाद मिळणार हे ठाऊक असेल तर ते पुरं कशाला करायचं? लोक त्याला ‘रायटर्स ब्लॉक’ म्हणायचे. मला तो सरळसरळ वीट वाटायचा.

सल्ले पुष्कळ मिळाले. कोकणात जाऊन राहा, रोज पहाटे तीन पानं खरडून काढ, फोन बंद ठेव. एका मित्रानं कोलटकरांचा दाखला दिला: 1977 मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’, आणि त्यानंतरची मराठी पुस्तकं थेट 2003 च्या सुमारास. धीर द्यायलाच सांगितलं होतं त्यानं, पण कोलटकर त्या पंचवीस वर्षांत लिहीत होते, छापत नव्हते. माझं बरोबर उलटं चाललं होतं. साने गुरुजींचा तर मला शाळेपासून राग. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या माणसापुढे कुणाची काय पत्रास! त्यांना कोठडीत संपादकांचे फोन येत नव्हते, एवढंच मी स्वतःला सांगायचे.

कारण मला ते येत होते. का. र. मित्रांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष आषाढात सुरू होतं. त्या आषाढातही मी एका अंकाला कथा कबूल करून बसले होते. शीर्षकसुद्धा कळवलं होतं. शीर्षक कळवलं की कथा मागून येते, असा एक समज आमच्यात आहे.

त्याच सुमाराला वडील गेले. गाव माण-खटावच्या पट्ट्यातलं, पाऊस हुलकावणी देणारं. दिवस झाल्यावर वारस नोंदीसाठी मला थांबावं लागलं. गावात तलाठी कार्यालयाला सगळे अजून ‘सज्जा’च म्हणतात, 2024 मध्ये तलाठ्याचा ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला, पण एवढं लांबलचक हाक मारायला कुणाला वेळ आहे? बाहेर लिंबाखाली बाकडं. त्यावर सातबारा, आठ-अ, आधार कार्डाची झेरॉक्स असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन माणसं बसलेली. दादाचं म्हणणं होतं, आलीच आहेस तर हक्कसोड पत्रही करून टाकू, तालुक्याला निबंधकाकडे एक चक्कर होईल. प्रेमानंच म्हणत होता. आमच्याकडे बहिणीकडून हक्कसोड प्रेमानंच करून घेतात. बघू म्हणाले.

माझ्या हातात पेन होतं, एवढीच माझी पात्रता. शेजारची म्हातारी म्हणाली, “बाई, तुमी शिकल्याल्या दिसताय. येवढा अर्ज ल्हेऊन द्या की.”

तिचा नवरा वारला होता. मुलांनी वारसाचा अर्ज दिला त्यात आई आणि दोन मुलगे. दोन्ही मुली गायब. फेरफार नोंदवहीत नोंद पडून नोटीस निघाली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ते भरत आले होते. कायद्यात अवघड काही नव्हतं. बाप मृत्युपत्र न करता गेला तर मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस, हे 1956 पासूनचं. वडिलोपार्जित जमिनीत तिला जन्मानंच हिस्सा, हे 2005 च्या दुरुस्तीनं देशभर झालं. महाराष्ट्रानं ते 1994 मध्येच केलं होतं, पण तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरतं. मी लिहायला घेतलं. ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय’. उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक हरकत सादर करते की. सगळं मुकाट कागदावर उतरत होतं. या भाषेला दाद मिळत नाही, त्यामुळे ती कुणाकडे चोरून बघत नाही.

वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “आन् हिरीचं?”

विहीर म्हणजे काय ते मग कळलं. शहाऐंशी-सत्त्याऐंशीच्या दुष्काळात नवऱ्यानं रानात विहीर धरली होती. मजूर लावायला पैसा नव्हता. तो खाली पहार मारायचा, सुरुंगाला भोकं पाडायचा, आणि वर डबर ओढून पाटीनं बाहेर टाकायचं काम आईनं आणि या दोन पोरींनी केलं. थोरली शाळेतून काढली ती त्यासाठीच. मुलगे तेव्हा पाळण्यात आणि पोटात. सात परसांवर ओल लागली. “पानी लागलं तवा धाकटीच्या हाताची कातडी निगाल्याली. त्या हिरीवर ह्यांचा ऊस हाय आता. ल्ह्या.”

मी तिला समजावलं. मावशी, हक्क जन्मानं असतो, कामानं नाही. विहीर खोदली नसती तरी मुलींचा वाटा आहेच. ते कुणाला सिद्ध करावं लागत नाही. उलट विहिरीचं लिहिलं तर वाटेल, हक्क कष्टाच्या बदल्यात मागताय. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, “व्हय, पर ल्ह्या.”

तेव्हा ‘तरी’ आणि ‘कृपया’ यांच्या मधे मी एक वाक्य घातलं. ते असं होतं: सदर गटातील विहीर खोदतेवेळी अर्जदाराच्या दोन्ही मुलींनी दगड वाहिले आहेत. या वाक्यावर मी जेवढी थांबले तेवढी कित्येक वर्षांत कुठल्या वाक्यावर थांबले नव्हते. ‘वाहिले होते’ की ‘वाहिले आहेत’? ‘होते’ केलं की ते संपतं, ‘आहेत’नं नोंद होते. ‘लहान वयात’ घालू की नको? घातलं असतं तर साहेबाला दया आली असती, आणि म्हातारीला दया नको होती. नाही घातलं. कोतवालानं अर्ज पाहून “हे कशाला मधेच?” म्हणून बोट ठेवलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ द्या.” अंगठा उठला, पोच मिळाली, पोच तिनं चोळीत खोचली आणि गेली.

पुढे आठवडाभर मी तिथं बसले. मला तिथं थांबायला निमित्त होतंच, आमची नोंद रखडली होती. निराधार योजनेचे अर्ज, नाव दुरुस्तीचे, बांधाच्या कुरबुरीचे. प्रत्येकाच्या बोलण्यात एक विहीर होती. अर्जाला लागते ती हकीकत ओळीभराची, आणि ती सांगायला माणूस तासभर घेतो. उरलेलं तिथंच बाकड्यावर राहतं. कार्यालयाला त्याचा उपयोग नाही, हे मी मनापासून मान्य करते. कार्यालयानं ओळभरच वाचावं. पण उरलेलं कुणीतरी घ्यायला हवं होतं आणि मी तिथं पेन घेऊन बसले होते. आजवर मी कथेचा विषय शोधत असे, म्हणजे जिथं मला छान लिहिता येईल असं काहीतरी. इथं मी छान लिहावं अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. धाकटीच्या हाताची कातडी निघाली, ते मात्र राहायला नको होतं.

रात्री वडिलांच्या टेबलावर बसून सुरुवात केली. पहिली पानं वाईट होती, अर्जासारखीच कोरडी. तशीच राहू दिली. ती अजूनही तशीच आहेत, आणि ‘तरल’ हा शब्द त्यांना कुणी लावेल अशी भीती नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांना कळवलं की कबूल केलेली कथा येणार नाही. ते रागावले, साहजिकच. शीर्षक जाहिरातीत छापून झालं होतं.

दादाला सांगितलं, हक्कसोड करणार नाही, नाव राहू दे. जमीन तूच कस. तो काही दिवस घुम्यासारखा वागला. वहिनीनं मात्र त्याच आठवड्यात तिच्या माहेरचा सातबारा मोबाइलवर काढून घेतला आणि मला म्हणाली, “वन्सं, हे कसं वाचायचं?” म्हातारीच्या प्रकरणात तक्रारी केस उभी राहिली आहे, मंडल अधिकाऱ्यासमोर तारखा पडताहेत, धाकटी प्रत्येक तारखेला बारामतीहून येते, थोरलीला तिचे दीर सोडत नाहीत.

माझं लिखाण सध्या पुन्हा अडलंय. बाप खाली सुरुंगाला वात लावतो आणि दोराला धरून वर येतो, त्या जागी. वात किती लांब ठेवत, पोरींना कुठल्या बाजूला पळायला सांगत, खडक फुटल्यावर धूर विरेपर्यंत किती वेळ खाली उतरत नसत, यातलं मला काहीच माहीत नाही. पलीकडच्या वाडीत विहिरी फोडणारा एक जुना वडारी कारागीर आहे म्हणतात. तो बुधवारी बाजाराला येतो, आणि दुपारनंतर त्याला गाठण्यात अर्थ नाही, असंही कळलंय.