काळजाबाहेरची कळ

मराठी भाषेने छातीचा सारा प्रदेश फार पूर्वीच हृदयाच्या नावे करून टाकला आहे. ऊर भरून येतो तो मायेने, उरात धडकी भरते ती भयाने, छाती फुगते ती अभिमानाने आणि काळजात कळ उठते ती विरहाने. या सर्व प्रयोगांत छाती म्हणजे भावनेचे घर. त्या घराला भिंती आहेत आणि कधी कधी नुसत्या भिंतीच दुखतात, याची दखल आपल्या वाङ्मयीन भाषेने क्वचितच घेतली आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्हांला चार दिवस विषाणूजन्य ताप आला आणि पुढे पंधरवडाभर खोकला रेंगाळला. तो ओसरत असतानाच छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला दुखू लागले. छाती, डावी बाजू आणि पन्नाशी उलटलेले वय, एवढ्या सामग्रीवर घरातील प्रत्येकाने मनातल्या मनात एकच वाक्य पूर्ण केले. उच्चारले मात्र कोणीच नाही. ईसीजी निर्दोष निघाला, रक्ताची तपासणीही. त्यानंतर डॉक्टरांनी बरगडी आणि ते हाड जिथे जुळतात तिथे अंगठ्याने दाबून विचारले, "हेच ना?" तेच होते. बरगडीच्या टोकाशी असलेल्या कूर्चेचा, म्हणजे लवचीक मऊ हाडाचा, दाह. वैद्यकीय नाव कॉस्टोकॉन्ड्रायटिस. खोकल्याच्या ताणाने वा विषाणूच्या संसर्गामागोमाग तो उद्भवू शकतो. आधी हृदयाची शंका फेडायची आणि मग अंगठा, हा क्रम महत्त्वाचा. छातीत दुखणाऱ्या कोणीही तो उलटवू नये.

हे दुखणे प्राणघातक नाही, परंतु चिवट आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची डागडुजी संथ चालते. शिवाय मोडलेला हात गळ्यात बांधता येतो, बरगड्यांना विश्रांती देता येत नाही. अजपाजपाच्या परंपरेत अहोरात्रीचे श्वास २१,६०० मोजले जातात. तितक्या वेळा तो सांधा हलणारच. वर्गात निबंधमालेतील उतारा वाचून दाखवताना आम्हांला याचा प्रत्यय आला. १८७४ साली मासिक काढणाऱ्या विष्णुशास्त्र्यांची छाती भक्कम असावी. त्यांचे वाक्य क्रियापदाशी पोहोचण्याआधीच आमचा श्वास तुटे, आणि विद्यार्थी तो विराम अर्थपूर्ण समजून वहीत खूण करीत.

छातीच्या भिंतीचे दुसरे एक दुखणे या बाबतीत उद्बोधक आहे. १९३० साली बाल्टिक समुद्रातील बोर्नहोम या डॅनिश बेटावर तापासोबत बरगड्यांत असह्य कळा येण्याची साथ पसरली. आयनार सिल्वेस्ट या डॉक्टरने तिचे वर्णन केले आणि बेटाचे नाव त्या रोगाला चिकटले. त्याआधी, १८८८ साली, अमेरिकेतील व्हर्जिनियात डॅब्नी नावाच्या डॉक्टरने अशाच साथीची नोंद केली होती; तिथे तिला 'सैतानाची पकड' म्हणत. कारण कॉक्सॅकी ब गटातील विषाणू असल्याचे १९४०च्या दशकाअखेरीस स्पष्ट झाले. या रोगात मुख्यतः स्नायू दुखतात, कूर्चा नव्हे. तरी वेदनेला जागा, मालक, निदान एखादा सैतान तरी मिळाला की माणसाला ती सोसणे सोपे जाते, हे या नावांतून दिसते.

आमच्या मातोश्रींनी सैतानाला बोलावले नाही. त्या म्हणाल्या, "अरे, उसण भरली असेल. कुणी पायाळू मिळाला तर पाय लावून घे." पायाळूच्या उपायावर आमचा विश्वास नाही, परंतु त्या शब्दाने जे केले ते ईसीजीच्या कागदालाही जमले नव्हते. 'छातीत दुखते' हे वाक्य थेट हृदयाकडे धावते. 'उसण' भिंतीपाशीच थांबते.

१९७५ साली रोनाल्ड मेल्झॅक यांनी वेदना मोजण्यासाठी ७८ विशेषणांची, २० गटांत मांडलेली प्रश्नावली सिद्ध केली. वैद्यकाला अखेर शब्दकोशाकडेच यावे लागले. आपल्याकडेही शूल, कळ, चमक, ठणका, सल, उसण अशी बारीक भेद दाखवणारी संपदा आहे. त्यांतील सल कवितेत मानाने वावरतो, कळही वावरते. उसण मात्र ओसरीवरच बसून आहे. तिच्यातून विरह सुचत नाही, पश्चात्ताप सुचत नाही. रोगांना रूपकांच्या जाचातून सोडवावे, असे सुझन सोन्टॅग यांनी १९७८ साली आग्रहाने मांडले. उसणेला ती सुटका जन्मतःच लाभली आहे, आणि भ्यालेल्या माणसाला असाच शब्द हवा असतो.

तरीही भय संपले असे नाही. श्वास लागला, घाम फुटला, कळ हाताकडे वा जबड्याकडे गेली तर तत्काळ या, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून रोज रात्री दिवा मालवल्यावर आम्ही ती जागा स्वतःच दाबून पाहत असू. दुखले की हायसे वाटे. सुमारे दहाव्या आठवड्यात एका रात्री बोट फिरवले, आणि काहीच दुखले नाही. खरे तर आनंद व्हायला हवा होता. पण आम्ही बराच वेळ जागे होतो, आतला ठोका ऐकत.