शेजारच्या मशीनवरचा कण

१९७९ च्या जुलैत बेळगावात नेहमीसारखाच पाऊस लागून राहिला होता. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नव्हता. मग आकाशातून पडणारी वस्तू दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आमची सगळी गल्ली मान वर करून बसली होती. अमेरिकेचे स्कायलॅब पडणार होते. शेजारच्या कानडी आज्जी परड्याच्या गडग्यावरून माझ्या आईला विचारायच्या, “म्यालिंद बीळतैतंत, खरे एन्री?” वरून पडणार म्हणतात, खरे का हो? आईला कानडी सगळे समजायचे, पण उत्तर ती मराठीतच द्यायची. “पडू दे की आज्जी. ज्याच्या नशिबात आहे त्याच्या डोक्यावर पडंल.” बोलायला धीट होती, पण परड्यातली दोन कोंबडी तिने त्याच आठवड्यात कापायला लावली. आकाश डोक्यावर कोसळायचेच असेल तर कोंबडी कशाला मागे ठेवायची, असा तिचा रोकडा हिशेब!

११ जुलैच्या रात्री ते सत्याहत्तर टनांचे धूड हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या भागात तुकडे होऊन पडले. कुणाला खरचटलेसुद्धा नाही. तिथल्या एस्परन्स नावाच्या गावाने नासाला केर टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंड तेवढा ठोठावला. आमच्या गल्लीत पुढे कितीतरी दिवस माडाची झावळी पडली तरी पोरे ‘स्कायलॅब’ म्हणून ओरडत.

मी तेव्हा उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर शिकाऊ होतो. डोक्यावर मोठे काहीतरी पडेल ही भीती मला कळत होती. बारक्याची भीती कळायला आणखी सात वर्षे जावी लागली.

१९८६ च्या मे महिन्यातली दुपार. मी चकमध्ये जॉब बांधत होतो. मशीन बंदच होते, म्हणून गॉगल कपाळावर सरकवला होता. चार हातांवर आमचा एक जोडीदार एमरी व्हीलवर टूलला धार लावत होता. त्याच्या डोळ्यांवर गॉगल होता, त्याची काहीच चूक नव्हती. डाव्या डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखे वाटले, एवढेच. मी चोळला. संध्याकाळी हुबळीला नेले. डॉक्टरांनी काढलेला तुकडा कागदावर ठेवून दाखवला. तिळाच्या निम्माही नव्हता. डोळा राहिला, नजर गेली.

एका डोळ्याने दिसते सगळे, पण खोली कळत नाही. टूल जॉबला टेकले की केसभर लांब आहे, हे हाताला कळेनासे झाले. मला स्टोअरमध्ये बसवले. तो जोडीदार पुढे दोन-तीन वर्षे दर रविवारी केळी घेऊन घरी यायचा आणि बोलताना माझ्या उजव्या खांद्याकडे बघायचा. मी त्याला कधी दोष दिला नाही. पण शेजारच्या मशीनवरून काय उडते आहे, हे आपल्या हातात नसते, ही गोष्ट माझ्या मनात जी बसली ती बसलीच.

स्टोअरमध्ये वेळ पुष्कळ असे. वाचनालयातून आणलेल्या मासिकांत एकदा चॅलेंजर यानाच्या १९८३ च्या जूनमधल्या सफरीविषयी वाचले. यान परत आले तेव्हा पुढच्या काचेवर सुमारे चार मिलिमीटरचा खळगा होता. तपासात रंगाचे अंश सापडले. कुठल्यातरी जुन्या रॉकेटचा किंवा उपग्रहाचा सुटलेला रंगाचा पापुद्रा, अंदाजे ०.२ मिलिमीटरचा. काच बदलावी लागली. आत पाच माणसे होती. वाचून माझा हात आपोआप डोळ्याकडे गेला.

रंगाचा पापुद्रा नखाने उडवला तर काय होते? काहीच नाही. पण वर कक्षेत सगळा खेळ वेगाचा आहे. आजचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर ताशी २८ हजार किलोमीटरने फिरते. त्या वेगाने बेळगावहून पुणे पाऊण मिनिटात यायचे. आडवा येणारा कणही तसल्याच वेगाचा असतो, त्यामुळे धडक साधारण सेकंदाला १० किलोमीटरची बसते. मी एकदा कॅलेंडरच्या पाठीवर गणित मांडले. एक सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची गोळी, वजन दीड ग्रॅमसुद्धा नाही. या वेगाने ती आदळली तर हजार किलोची मोटार ताशी चाळीसने येऊन धडकावी तेवढा जोर. आणि तो सगळा नखाएवढ्या जागेवर!

यावर माणसाने उपाय काढले नाहीत असे नाही. फ्रेड व्हिपल या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकातच एक युक्ती सुचवली होती. जाड पत्रा लावण्यापेक्षा बाहेर एक पातळ पत्रा लावा, थोडी जागा मोकळी सोडा आणि मग खरी भिंत. कण पहिल्या पत्र्यावर आपटून स्वतःच चुरा होतो आणि चुरा पसरून भिंतीवर येतो. पिशवी फुटली की तांदूळ विखरतात तसे. कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही कल्पना फार आवडते. गंमत अशी की स्कायलॅबलाही उल्काकणांपासून वाचवणारे कवच होते. १४ मे १९७३ ला उड्डाणानंतर मिनिटाभरात ते हवेच्या झोताने फाटून निघाले. सौर पंखांपैकी एकही गेला. पहिल्या तीन अंतराळवीरांना आत शिरून एका छोट्या झरोक्यातून छत्री बाहेर काढून उघडावी लागली, कारण ते कवच उन्हापासूनही राखत होते. आमच्या डोक्यावर पडेल म्हणून आम्ही ज्याला घाबरलो, ते बिचारे सहा वर्षे अंगरख्याविनाच फिरत होते.

आजच्या स्थानकाची कवचे साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचे कण झेलतात. दहा सेंटिमीटरच्या वरचे तुकडे जमिनीवरच्या रडारना दिसतात. त्यांच्या वाटा मोजून ठेवलेल्या असतात, आणि धडकेची शक्यता फार वाढली तर स्थानक थोडे सरकवतात. गेल्या पंचवीस वर्षांत असे तीसहून अधिक वेळा सरकवावे लागले आहे. अडचण आहे ती मधल्यांची. कवचाला न पेलणारे आणि रडारला बहुतांशी न दिसणारे. युरोपीय अंतराळ संस्थेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे एक सेंटिमीटरहून मोठे तुकडे बारा लाखांच्या वर आहेत, आणि त्यांतले दहा सेंटिमीटरच्या वरचे पन्नास हजारांच्या आसपास. म्हणजे बाकीचे सगळे त्या मधल्या वर्गातले.

हे आले कुठून? बरेचसे आपल्यासारख्यांच्याच हातून. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कौलांवर रॉकेटच्या काड्या सापडतात, तसे जुने रॉकेटचे टप्पे आणि मेलेले उपग्रह वर राहून जातात. त्यांत उरलेले इंधन असले तर फुसका म्हणून सोडलेला बार मागाहून उडावा तसे ते फुटतात. आपल्या पीएसएलव्हीचाच एक टप्पा २००१ च्या डिसेंबरात असा फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर इस्रो उरलेले इंधन सोडून टप्पा निर्धोक करू लागली, हे सांगायलाच हवे. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियावर एक मेलेला रशियन उपग्रह आणि एक चालता अमेरिकन उपग्रह एकमेकांवर आदळले. हा अपघात. पण २००७ च्या जानेवारीत चीनने स्वतःचाच जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला, त्याचे तीन हजारांहून अधिक तुकडे नोंदले गेले. तो ८५० किलोमीटरच्या वर फुटला. तिथे हवा जवळजवळ नाही, तेव्हा तुकडे खाली यायला पिढ्या लागतात.

२७ मार्च २०१९ ला आपणही एक उपग्रह फोडला. त्या दुपारी टीव्हीपुढे मी टाळ्या वाजवल्या, हे लपवत नाही. आपण तो तीनशे किलोमीटरच्या आत फोडला, तुकडे लवकर जळावेत म्हणून, आणि बहुतेक जळालेही. पण पाचच दिवसांनी नासाच्या प्रमुखांनी सांगितले की चोवीस तुकडे स्थानकाच्या उंचीच्याही वर उडाले आहेत. टाळ्या वाजवलेले हात मग मांडीवर ठेवून मी बराच वेळ बसलो होतो. एमरी व्हीलवरच्या माणसाचा तरी कुठे हेतू असतो!

१५ नोव्हेंबर २०२१ ची हकिगत मला सगळ्यांत जास्त लागते. रशियाने आपला एक जुना उपग्रह फोडला, दीड हजारांहून अधिक तुकडे झाले. स्थानकावर सात माणसे होती. त्यांना सांगण्यात आले की दारे लावा आणि आपापल्या परतीच्या यानांत जाऊन बसा. दर दीड तासाने स्थानक त्या ढगाजवळून जाणार होते. त्या सातांत भारतीय वंशाचे राजा चारी होते, एक जर्मन होता, आणि दोघे रशियन होते. त्या दोघांच्या मनात काय चालले असेल?

परतीच्या यानात बसणे हा शेवटचा आसरा. तोच भोकसला तर? डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ यानातून शीतक द्रव फवाऱ्यासारखा उडताना दिसला. भोक होते ०.८ मिलिमीटरचे. नैसर्गिक उल्काकणाने पडले, असा रशियाचा निष्कर्ष. प्रोकोप्येव्ह, पेतेलिन आणि अमेरिकेचे रुबियो या तिघांसाठी फेब्रुवारीत दुसरे यान रिकामे पाठवले, आणि सहा महिन्यांसाठी गेलेली माणसे ३७१ दिवसांनी परतली.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जून-जुलैत, शुभांशु शुक्ला स्थानकावर होते तेव्हा माझी नात रोज टीव्हीला चिकटून असे. शाळेत इंग्रजी आणि कानडी, घरात मराठी, आणि त्या दिवसांत तिन्ही भाषांत एकच विषय. नोव्हेंबरात चिनी अंतराळवीरांची बातमी आली. पाच तारखेला तिघे परतायचे होते, पण त्यांच्या शेनचौ-२० यानाच्या खिडकीला बारीक तडे दिसले, बहुधा कचऱ्याच्या कणाने. ते नव्याने आलेल्या तिघांच्या यानातून चौदा तारखेला उतरले. मग ते नवे तिघे वर परतीच्या यानाविना राहिले, पंचवीस तारखेला रिकामे यान पोहोचेपर्यंत.

नातीने पेपर माझ्यासमोर धरला. “आज्जा, त्या अकरा दिवसांत काही लागलं असतं तर?”

“कशात बसणार मग?”

“तेच विचारतेय की.”

मला उत्तर आले नाही. मी तिला माझा जुना गॉगल दाखवला. अजून ट्रंकेत आहे. डाव्या काचेवर एकही ओरखडा नाही. ती बराच वेळ तो उलटसुलट करून बघत राहिली.

पाऊस नसला की संध्याकाळी स्थानक आमच्या गच्चीवरून दिसते. न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका, चार-पाच मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला. त्या आठवड्यात आम्ही वर गेलो. ठिपका उगवला, डोक्याशी आला.

“तुम्हाला दिसतंय?” तिने विचारले.

“दिसतंय की.”

“किती लांब वाटतंय?”

ते मात्र मला सांगता येईना. तेवढ्यात ठिपका मंद होत होत मधेच नाहीसा झाला. तिने माझा हात घट्ट धरला.

“सावलीत शिरलंय गं,” मी म्हणालो. “पृथ्वीच्या.”

“नक्की?”

खालून सुनेने जेवायला हाक मारली, तरी ती तिकडेच बघत उभी राहिली.