बाल्कनीचा हट्ट

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या उन्हाळ्यात कूलरसमोर बसून जहाजातल्या खोल्या बघणं, हीसुद्धा चैनच! मुंबईहून गोव्याला जाणारं ‘एम्प्रेस’ हे १९९०चं, ११ मजली जहाज. स्वीट घेतला की बाल्कनी, ऐसपैस बैठक. पण स्वीट बहुधा वरच्या मजल्यांवर, आणि जहाज डोलतं ते वरच जास्त. आईला एसटीतही लिंबू हुंगावं लागतं. तिच्यासाठी खालची, मधोमधची खोली बरी. बाबा मात्र बाल्कनीवर अडून बसलेत. त्यांचंही खरंच आहे म्हणा, आम्हा वर्धेकरांना उशाशी समुद्र कधी मिळायचा? सेवाग्राम एक्स्प्रेस सीएसएमटीला सोडते; तिथून जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, जवळच. मोठ्या बॅगा खोलीत पोचायला वेळ लागतो, म्हणून औषधं नि आधारकार्ड आईच्या पर्समध्येच. लिंबूही.