मोज्यातली कुसळं

दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने रविवारी दुपारी आमच्याकडे मोजे निवडायला बसतात. मेथी निवडावी तसे. जुना पेपर पसरायचा, मोजा उलटा करायचा आणि एकेक कुसळ चिमटीत धरून उपसायचं. नवऱ्याने एकदा वैतागून मोजे सरळ केराच्या डब्यात टाकले होते. आईने ते बाहेर काढून, निवडून, धुऊन, घडी घालून त्याच्या कपाटात ठेवले आणि त्यावर एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून तोही मुकाट निवडायला बसतो.

पुण्यात ज्याची त्याची टेकडी ठरलेली असते. कुणाची पर्वती, कुणाची तळजाई, कुणाची हनुमान टेकडी. आमची वेताळ. शहरातली सगळ्यात उंच, समुद्रसपाटीपासून 800 मीटरच्या आसपास. माथ्यावर वेताळाचं देऊळ, जवळच दगडाची जुनी खाण. दगड काढून झाले, खड्डा राहिला, त्यात पावसाचं पाणी साठलं आणि आता तिथे माणसांपेक्षा पक्ष्यांची वर्दळ जास्त. बाबा ही टेकडी तीस वर्षं पायी चढले. गुडघ्यांनी नाही म्हटल्यावर आम्ही त्यांना एआरएआयच्या रस्त्याने गाडीतून वर न्यायला लागलो. तिथून खाणीपर्यंतची वाट बऱ्यापैकी सपाट आहे. पण गाडीने टेकडीवर जाणं म्हणजे उपासाला साबुदाणा वडा, असं त्यांचं मत. वाटेत जुन्या ग्रुपमधलं कुणी भेटलं, तर गाडी कुठे लावली हा विषय ते शिताफीने टाळतात.

खरं तर आम्ही टेकडीकडे वळलो ते बागांना कंटाळून. मी स्वतः पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून मोठी झाले. ती झुकझुक गाडी 1956 सालची, म्हणजे आईच्याही बालपणातली. तेव्हा तिथे प्राणी होते. पुढे ते कात्रजला गेले. लेक चालायला लागल्यावर दर रविवारी एक बाग असा आमचा नेम सुरू झाला. बागा सुंदर होत्या, नाही असं नाही. पण प्रत्येक बागेत एक शिट्टी होती. हिरवळीवर पाय पडला की शिट्टी, झाडाला हात लावला की शिट्टी, कट्ट्यावर डबा उघडला की शिट्टी. एका बागेत तर लेकीचा चेंडू हिरवळीवर गेला आणि तो आणायला मी गेले, तर वॉचमन मलाच ओरडला. चेंडू त्याने स्वतः आणून दिला, तोही हिरवळीवरूनच चालत जाऊन.

त्यामुळे टेकडीवर पहिल्यांदा नेलं तेव्हा लेक पायवाटेच्या कडेला थबकली. समोर गुडघाभर वाळलेलं, सोनेरी गवत. तिने विचारलं, "यावर पाय ठेवला तर चालतं?"

"जा की," बाबा म्हणाले.

ती आत धावली आणि पाचव्या मिनिटाला रडत परत आली. मोजे कुसळांनी भरले होते.

तोवर माझ्यासाठी कुसळ म्हणजे म्हणीतलं, दुसऱ्याच्या डोळ्यातलं. त्यापलीकडे मी कधी ते नीट पाहिलंच नव्हतं. बाबांनी दगडावर बसून तिच्या मोज्यातलं एक अलगद काढलं. खाली टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक तांबूस केस, आणि वर काळपट लांब शेपूट, दोरीला पीळ द्यावा तशी पिळलेली. आत शिरताना केस आड येत नाहीत. मागे ओढलं की अडकतात. म्हणूनच मोज्यातून ते उलटं निघत नाही, पलीकडून ओढून काढावं लागतं. मग बाबांनी ते तिच्या तळहातावर ठेवलं आणि बाटलीच्या झाकणातून दोन थेंब पाणी टाकलं.

आधी काहीच झालं नाही. मग ती शेपूट सावकाश फिरायला लागली. घड्याळाच्या काट्यासारखी, पण डोळ्याला दिसेल इतक्या वेगाने. लेकीने किंचाळून हात झटकला. तिला वाटलं किडा आहे. नंतर मात्र तिने स्वतः शोधून आणखी सात-आठ कुसळं आणली आणि बाटलीतलं निम्मं पाणी संपवलं. दव पडलं किंवा पाऊस आला की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या उलटसुलट फिरण्यात बी स्वतःला जमिनीत खुपसून घेतं. गिरमिटाने भोक पाडावं तसं. उन्हाळ्यात कुणीतरी काडी टाकतं, माथ्यावरचे पट्टेच्या पट्टे जळून काळे होतात, आणि जूनमध्ये त्याच राखेतून हे कुसळी गवत पुन्हा वर येतं, कारण त्याचं बी आग लागायच्या आधीच मातीखाली गेलेलं असतं. माझ्या मोज्यात शिरलेलं बी काही माझ्यावर राग धरून नव्हतं. त्याला मी जमीन वाटले होते.

हे सगळं बाबांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते वेगळंच, आणि ते आम्हाला पुढच्या वर्षी कळलं.

टेकडीच्या मोठ्या भागावर गिरिपुष्पाची दाटी आहे. उंदीरमारी म्हणतात ते हेच. बाबा आणि त्यांच्या ग्रुपने यातल्या कित्येक रोपांना पाणी घातलंय. पाच लिटरचा कॅन खांद्यावर घेऊन चढायचं, ठरलेल्या झाडाच्या बुंध्याशी रिकामा करायचा, मग वर जायचं. एप्रिल-मे महिन्यांत रोज. कुणी गावाला गेलं तर त्याच्या झाडाची पाळी दुसऱ्याने घ्यायची. आमच्या घरात आजारपणं झाली, लग्नं झाली, पण 'झाडाला पाणी कोण घालणार' हा प्रश्न त्या प्रत्येक वेळी निघाला.

एका रविवारी खाणीजवळ निसर्गफेरीला आलेला घोळका उभा होता. समजावून सांगणारी मुलगी पंचविशीची असेल. ती सांगत होती की ही मुळात गवताची आणि विरळ झाडांची टेकडी. गिरिपुष्प मूळचं मध्य अमेरिकेतलं. त्याची दाट लागवड झाली की खाली गवत राहत नाही, आणि गवत गेलं की त्यावर जगणारं सगळंच जातं. बाबा घोळक्याच्या कडेला उभे राहून शेवटपर्यंत ऐकत होते. काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर पट्टा लावता लावता म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं पाणी कुणाला घातलं?"

मला उत्तर सुचलं नाही. आईने डब्यातली वडी पुढे केली.

आठवडाभर ते चिडलेले होते. पुढच्या रविवारी वकिलासारखी तयारी करून आले. हे झाड लवकर वाढतं, गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, तोडलं तरी फुटतं, मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतं. उघड्या टेकडीवर गुरं चरतायत, सरपण तोडलं जातंय, तेव्हा जगेल असं दुसरं काय लावणार होता? "आम्हाला रोप दिलं, खड्डा दाखवला. आम्ही पाणी घातलं." त्यांचं खरं होतं. त्या मुलीचंही खरं होतं. मला विचाराल तर त्या काळी सगळ्यांचाच समज एक होता: उघडी टेकडी म्हणजे उजाड, आणि हिरवं ते चांगलं. गवत आठ महिने पिवळं असतं, एवढाच त्याचा गुन्हा.

निकाल लावायचं काम लेकीने अंगावर घेतलं. वहीत दोन रकाने आखून ती दोन्हीकडे पाच-पाच मिनिटं बसली. गिरिपुष्पाच्या सावलीत पालापाचोळा, एक मुंगळा आणि वेफर्सचं पाकीट. उघड्या गवतात तीन जातींचे नाकतोडे, एक कोळ्याचं जाळं, मुनियांचा थवा आणि एक टिटवी, जी आमच्यावर इतकी ओरडली की आम्हाला तिथून उठावं लागलं. बाबांनी वही चष्मा लावून वाचली. "सावलीत आपण बसलो होतो, ते लिही," म्हणाले. तिने लिहिलं: 'आजोबा 1'.

2023च्या एप्रिलमध्ये टेकडीतून जाणाऱ्या रस्त्याच्या विरोधात मोर्चा निघाला, तेव्हा बाबा गुडघ्याला पट्टा बांधून गेले. कुठलं झाड देशी, कुठलं परदेशी हा वाद त्या दिवशी घरीच ठेवला होता. परत आल्यावर दोन दिवस झोपून होते.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तेव्हा गिरिपुष्पाची पानं झडून फांद्या फिक्या गुलाबी फुलांनी लदलेल्या होत्या. फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. लेक जाहीरपणे म्हणाली, "दिसायला छान आहे, पण परदेशी आहे." दोन-तीन लोकांनी वळून पाहिलं. बाबा पुढे चालत राहिले. वाट वळते तिथे, डावीकडच्या एका जाड बुंध्याच्या झाडापाशी ते थांबले, बाटलीचं झाकण उघडलं आणि उरलेलं पाणी मुळाशी ओतलं. मी पाहतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"गाडीत सांडायला नको," ते म्हणाले, आणि झाकण घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिली.