काळा पडदा

विद्यार्थिमित्रहो, दिवा मालवला म्हणून घर ओस पडलें असें कोणी शहाणा मनुष्य मानीत नाहीं. परंतु लॅपटॉपचा पडदा काळा झाला कीं यंत्रच गेलें, असा निकाल पुष्कळ लोक क्षणांत देऊन टाकतात. हा निकाल किती उतावळा असतो, तें गेल्या सुटींत नागांव येथें घडलेल्या एका गोष्टीवरून सांगावें, असा आमचा विचार आहे.

आमच्याजवळ शिकून गेलेल्या एका मुलाचा लॅपटॉप लिनक्स प्रणालीवर चालत असे. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें आपल्या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी कशा आडव्या केल्या, हें सांगणें नलगे. त्या वादळापूर्वीची वाडी, विहिरीवरील रहाट आणि आतां हयात नसलेले आजोबा, यांचीं छायाचित्रें त्यानें त्यांत जपून ठेविलीं होतीं. त्यांची दुसरी प्रत नव्हती. एके दिवशीं प्रणालीचें अपडेट झालें आणि पडदा काळा पडला. सर्व पुसून प्रणाली नव्यानें बसवावी, असा सल्ला एका कारागिरानें दिला. मुलगा रडकुंडीस येऊन आमच्याकडे आला.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. युनिक्स वळणाच्या प्रणालींत कर्नेल हा मुख्य कारभारी निराळा, आणि पडद्यावर खिडक्या मांडणारा चितारी निराळा. १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी संस्थेंत जन्मलेली एक्स विंडो पद्धति असो, कीं २००८ सालीं आरंभिलेली वेलँड असो, दोहोंत ही वांटणी आहेच. कर्नेलास चित्रकार्डाची भाषा समजावून देणारा जो दुभाष्या, त्यास ड्रायव्हर म्हणतात. दुभाष्या गैरहजर राहिला म्हणून कारभारी मेला, असें होत नाहीं.

निदानाचा उत्तम धडा तर आपल्या शेजारींच आहे. विजेच्या ट्रामगाड्यांमुळें वेध बिघडतील म्हणून मुंबईची कुलाबा येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ सालीं अलिबागेस आणिली. परंतु १९०६ पर्यंत दोन्हीं ठिकाणीं वेध घेऊन ते ताडून पाहिले. जुनें चालू ठेवून नवें पारखावयाचें, ही ती रीत होय.

तीच आम्हीं धरिली. यंत्र सुरू होतांच कारखानदाराची मुद्रा पडद्यावर उमटत होती. अर्थात् पडदा व त्यामागील प्रकाश शाबूत होते. मग काळोखांतच कॅप्स लॉकची कळ दाबली, तों तिचा दिवा लागला आणि पुनः दाबतांच विझला. अर्थात् कर्नेल जागा होता. यंत्र पुनः सुरू करून आरंभींची ग्रबची यादी उघडली. तींत मागील कर्नेल राखून ठेविलेला असतो. तो निवडतांच पडदा उजळला! मुलगा लागलीच दुरुस्तीस हात घालूं लागला. त्यास थांबवून आधीं सर्व छायाचित्रें बाहेरील डिस्कवर उतरविलीं. आजोबांचा चेहरा दिसतांच तो कांहीं वेळ बोलला नाहीं.

त्यानंतर जर्नलसीटीएल या आज्ञेनें फसलेल्या प्रारंभाची नोंद वाचली. चित्रकार्डाकरितां वेगळा बसविलेला ड्रायव्हर नव्या कर्नेलासाठीं तयारच झाला नव्हता, असें तींत स्पष्ट होतें. त्यास लागणाऱ्या हेडर नांवाच्या फाइली बसवून ड्रायव्हर पुनः बांधला, आणि नव्या कर्नेलावरहि पडदा पूर्ववत् झाला. मागील कर्नेलानें काम भागलें नसतें, तर प्रारंभाच्या ओळींत नोमोडसेट हा शब्द जोडून साधें चित्र येतें कीं काय तें पाहिलें असतें. पण तो उपाय तात्पुरता, निदानापुरताच.

मुलांनो, एका वेळीं एकच बदल करा व तो वहींत लिहून ठेवा. म्हणजे कशानें गुण आला, हें कळेल. यंत्रानें लिहिलेली नोंद वाचल्यावांचून त्यावर दोष ठेवूं नका. आणि पालकांस आमची विनंति कीं, घरांतील अमोल छायाचित्रांची दुसरी प्रत आजच करवून ठेवावी. बिघडलेलें यंत्र पुनः मिळतें. वादळानें नेलेली वाडी मिळत नाहीं. ईश्वरानें बुद्धि दिलीच आहे. तिच्या जोडीस धीर मात्र आपला आपण ठेवावा लागतो.